खारीच्या घरट्यातला देव

उपाशी राहायची मल्लम्माला सवय नव्हती. घरात काही असो नसो, सकाळी लिंगाची पूजा झाली की ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी तिला लागायचीच. उपासतापास तिनं कधी धरले नाहीत. "देव गळ्यातच हाय, त्याच्यासमोर उपाशी बसून त्याला कामून लाजवू?" म्हणायची.

गळ्यातला देव म्हणजे सुपारीएवढं काळं इष्टलिंग. लिंगायताच्या घरी लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच पाण्याचा घोट. आणि माणूस गेलं की ते लिंग हातात देऊन, बसवून पुरायचं. मल्लम्मा भालकीकडची, कानडी मुलखातली. लहानपणीच लग्न होऊन उदगीरजवळच्या खेड्यात आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. सासू काय बोलते ते कळायला वर्ष गेलं, आणि कळल्यावर वाटलं, कळत नव्हतं तेच बरं होतं. पुढं माहेरचे दागिने एकेक करून गेले, आईबाप गेले, भाऊ विचारीना. माहेरचं राहिलं ते गळ्यातलं. नवरा संगप्पा गेला, त्याच्या हातात त्याचं लिंग ठेवताना तिनं पाहिलं आणि मनाशी म्हणाली, बरं आहे, अगदीच एकट्यानं जावं लागत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तशा तिथं कचेऱ्या निघाल्या, आणि मल्लम्माच्या मुलाला, शिवमूर्तीला, शिपायाची नोकरी लागली. गावात पावसाचा पत्ता नाही, विहिरीचा खडक उघडा पडलेला, टँकर आला तरच पाणी. लातुरात खोली पाहून झाली, सामान न्यायला टेंपो ठरला. निघायच्या आदल्या सकाळी मल्लम्माच्या लिंगाची दोरी तुटली.

तिनं लिंग मऊ कापडात गुंडाळून दारातल्या लिंबाखाली ओट्यावर ठेवलं आणि नवी दोरी शिवायला घेतली. सुईत दोरा जाईना म्हणून ती सुनेकडं आत गेली. बाहेर येते तर ओटा रिकामा, आणि एक खार तोंडात पुरचुंडी धरून, अडखळत अडखळत लिंबावर चाललेली.

"आगं, थांब की," मल्लम्मा म्हणाली. शेजारणीला म्हणावं तसं.

शेजारणीसारखीच होती ती. मल्लम्मा तिला माहेरच्या कानडीत अळिलू म्हणायची. शेजारच्या नागुबाईशी तिचा या खारीवरून जुना वाद होता. नागुबाई म्हणायची, पाठीवरचे पट्टे ही रामाची बोटं, देवानं हात फिरवला होता. मल्लम्मा म्हणायची, "भस्माचे पट्टे हायत ते. तीनच हायत, मोजून बघ. कपाळ एवढुसं, म्हनून पाठीला लावले. मटणाला शिवत न्हाई, दानं खाती. आमच्यातली हाय."

शिवमूर्ती आकडीची काठी घेऊन झाडावर चढला. घरटं फांदीच्या शेंड्याकडं. फांदी बारीक, तिथवर त्याचा हात पोचेना, पण आतलं दिसत होतं.

"अव्वा, पिल्लं हायत. लाल लाल, डोळे मिटलेली. पुरचुंडी त्यांच्या खाली हाय. आकडीनं वढतो सगळंच."

"आनि पिल्लं?"

"पडतील. खारीची तर हायत."

"तू काय हत्तीचा व्हतास? तूबी असाच लाल व्हतास, माकडासारखा. खाली उतर."

तो उतरला. मल्लम्मानं त्या दिवशी पाणी घेतलं नाही. महानंदानं, म्हणजे सुनेनं, दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं. दुसऱ्या दिवशी टेंपो दारात लागला, भांडी चढली, खाट चढली, आणि म्हातारी लिंबाला टेकून बसलेली. ओठ सुकलेले. शिवमूर्तीला उद्या सकाळी कचेरीत हजर व्हायचं होतं. तो पुन्हा आकडी शोधायला लागला. ती मल्लम्माच्या मांडीखाली होती.

शेवटी तो गुरुलिंग स्वामींना घेऊन आला. स्वामी वयानं मल्लम्माएवढेच. वर बघत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवं लिंग बांधतो, मल्लम्मा. पण एक ध्यानात घे. नवं बांधलं की जुनं सुटलं. उद्या सापडलं तरी ते तुझं न्हाई. जातानाबी हेच हातात."

मल्लम्मा तळहात उघडून त्याच्याकडं बघत राहिली. एवढी वर्षं रोज सकाळी तिथं ते असायचं. वर खार चिरचिर करत घरट्यात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली.

"स्वामी, लेकरू जलमलं की आपल्यात काय करतेत?"

"लिंग बांधतेत."

"तिनं तेच केलंय. तुमी गेला न्हाईत तिच्याकडं, म्हनून तिनं आपलं आपन केलं." मल्लम्मानं पदर सावरून मान पुढं केली. "आता लेकराच्या गळ्यातलं काढून घिऊ का? बांधा."

स्वामी हसले नाहीत. त्यांनी मंत्र म्हणून लिंग बांधलं. मल्लम्मानं पूजा केली. नवं लिंग तळहातावर थोडं परकं वाटलं, लग्नानंतर संगप्पा वाटला होता तसं. मग ती पाणी प्याली. तांब्याभर.

टेंपोत चढताना तिनं नागुबाईला बोलावलं. "नागू, लिंबाखाली रोज वाटीभर पानी ठिव. लिंगाला आंघोळ लागती."

"मला घागरभर मिळना पानी. आनि आंघोळ काय खार घालनार?"

"ते तिचं ती बघंल. तू पानी ठिव."

"माझ्या रामाची हाय, म्हनून ठिवते," नागुबाई म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

गाव मागं पडल्यावर महानंदानं फडकं सोडलं. मल्लम्मानं भाकरी मोडली, चटणी लावली, आणि उदगीर यायच्या आत दुसरी मागितली.