उन्हातली वीज

दांडीच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. पोरं पाठीमागे मला 'विंचू' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. जवळच तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, जो तो त्याचंच बोलायचा. म्हटलं, ती वीज येईल तेव्हा येईल, मी पोरांना उन्हातली दाखवतो.

मुंबईच्या जुन्या बाजारातून सेलेनियमची तळहाताएवढी पट्टी आणली, खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि तिच्या दोन तारा वीज मोजायच्या काट्याच्या मीटरला जोडल्या. ऊन पडलं की पट्टीतले अतिसूक्ष्म कण जागचे सुटतात आणि तारेतून वाहू लागतात. ते वाहणं म्हणजेच वीज. ना बॅटरी, ना आग. काटा हलला तशी पोरं ओरडली, पण तो का हलला हे एकाच मुलीनं विचारलं. कोळीवाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. तिला हायस्कूलला धाडायचंच, असा मी चंग बांधला होता.

तिनं घरी सांगितलं, "मास्तर उन्हातली वीज धरतात." तिचा बाप आदल्या वर्षी होडीवर वीज पडून मेला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई बोंबील वाळवायच्या मांडवाचा बांबू उपसून वर्गात घुसली. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसऱ्यानं फळा आडवा झाला. "माजा नवरा खाल्लान तिनं, आन तुमी तिला पोरांत आणता?" पोरं बाकांखाली शिरली. मुलगी मध्ये पडली, तिलाही एक बसला. तरी ती हटली नाही.

"आये, ही ती वीज नाय. हात ठेव, बग."

आईनं पट्टीवर हात ठेवला, काटा पडला. काढला, उठला. तिनं दोनदा करून पाहिलं आणि बांबू खाली टाकला.

तिथं सगळं मिटलं होतं. पण अख्ख्या वर्गासमोर मी मार खाल्ला होता, माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी त्या बाईच्या कानाखाली सण्णकन वाजवली. ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली, कपाळ फुटलं, वह्यांवर रक्त सांडलं. मुलगी माझ्या मनगटाला कडकडून चावली. दोघा पोरांनी ओढून काढली तेव्हा सुटली.

चार दिवसांनी आईच कपाळाला फडकं बांधून आली. "पयला मी मारला, चूक माजी. पन पोरगी शाळेत यायला नाय बोलते. तुमी सांगा तिला."

मी त्यांच्या घरी गेलो. मला पाहताच पोर आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, हात पसरून. मी तसाच मागे फिरलो. ती शाळेत परत आली नाही.