हिने बोलती केलेली हडळ

तो सिनेमा युरोपातल्या कुठल्या देशातला, हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. जुन्या बाजारात मिळालेली सीडी, भाषा अगम्य. काळ्यापांढऱ्या चित्रात बर्फातलं एक गाव, विहिरीत बुडून मेलेली तरणी बाई, आणि रात्री ती ओल्या केसांनी घरी परत येते. तिकडची जुनी लोककथा असणार. "आपल्या हडळीची थोरली जाऊ," असं बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि संवाद स्वतःच म्हणायला घेतले.

हडळ दारात आली की आतल्या म्हातारीला सासू करून तिच्या वतीने ही करवादायची, "रिकाम्या हातांनी आलीस? मंडईत गवार संपली होती का?" कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी हसून हसून बेजार व्हायचो. दर दिवाळीच्या सुट्टीत हा कार्यक्रम ठरलेला. घाबरायची ती फक्त आमची लेक.

ही गेली, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. लोक म्हणतात, "छान रमलात हो तुम्ही." रमतोय कसला डोंबलाचा. दिवसभरात माझाच आवाज माझ्या कानांवर पडत नाही.

परवा रविवारी लेकीने परदेशातून तोच सिनेमा शोधून पाठवला, इंग्रजी सबटायटल्ससकट. दुपारी जेवण उरकून टीव्हीवर लावला. बघतो तर ती म्हातारी सासू नव्हतीच, आई होती. दारातल्या मुलीला परत जा म्हणून विनवत होती. सिनेमा थोर असेल, पण आमचा नव्हता. मला रागच आला. सबटायटल्स बंद केली. हिचे संवाद मला तोंडपाठ होते, मीच म्हणणार होतो.

गवारीपर्यंत झकास चाललं. शेवटी हडळ नवऱ्याच्या उशाशी बसते आणि बराच वेळ बोलते. तिथे ही थट्टा करत नसे, आवाजही बदलत नसे. हळू, स्वतःच्याच आवाजात बोलायची. काय बोलायची? मी सिनेमा मागे नेला, पुन्हा लावला. हडळीचे ओठ हलत होते आणि मला एक शब्द आठवत नव्हता.

तिकडे किती वाजले असतील याचा विचार न करता लेकीला फोन लावला.

"अगं, शेवटी ती हडळ नवऱ्याशी बोलते ना, तिथे आई काय म्हणायची गं?"



"बाबा, मी तिथे दोन्ही कान घट्ट झाकून बसायचे."