व्याकरणवाले फादर

आमच्या घरामागच्या चर्चमधले फादर ही देवानं नाशिकच्या मराठीला दिलेली शिक्षा आहे, असं माझं ठाम मत आहे. जन्म वसईचा, शिक्षण रोमला, आणि सगळं आयुष्य गेलं जुन्या मराठीतल्या विभक्तिप्रत्ययांच्या मागे. या विषयावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ वाचल्याचं सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तो मी वाचला आणि छापणाऱ्यानं वाचला; त्यातही छापणाऱ्याबद्दल मला शंका आहे. मी मराठीचा निवृत्त मास्तर, त्यामुळे मला सुटका नव्हती.

माणसांपेक्षा त्यांना क्रियापदं जवळची. चर्चमध्ये वर्षानुवर्षं पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते 'मी आलेलो' म्हणतात हे पक्कं लक्षात होतं. एकदा बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर प्रवचन सुरू झालं, 'मेंढरू' शब्दाचं मूळ शोधत फादर पार कानडी मुलखात शिरले, आणि लोक जेवायला घरी गेले तरी मेंढरू काही सापडलं नाही. एका लग्नात तर नवरदेव भावनेच्या भरात म्हणाला, "मी तुझ्याशी एकनिष्ठ राहील." फादरांनी हात वर करून विधी थांबवला. "राहीन! 'राहील' म्हणजे दुसराच कोणीतरी राहील." नवरीकडची मंडळी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. कबुलीजबाबाला जाऊन आलेला आमचा दूधवाला मला सांगत होता, "पाप माफ केलं हो, पण वाक्य नाय केलं."

त्यांच्यापुढे न नमणारी एकच व्यक्ती होती, स्वयंपाकाच्या मार्थाबाई. सुरगाण्याकडच्या, विधवा, आवाज खणखणीत.

"फादर, जेवान निवतंय!"

"जेवान नव्हे मार्थाबाई, जेवण."

"तेबी निवलं आता."

इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाऊन फादरांनी त्यांना मुलंबाळं किती, हे कधी विचारलं नसावं. 'निवणे' हे क्रियापद मात्र त्यांच्या नावानिशी ग्रंथाच्या तळटीपेत घातलं होतं, आणि यालाच ते कृतज्ञता समजत.

ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचं प्रकाशन ठरलं. व्यासपीठावर बिशप, कुलगुरू, हार, समया, सगळं सज्ज. फक्त फादरांचा पत्ता नाही. सकाळी मार्थाबाई चुलीपाशी कोसळल्या होत्या, असं कळलं. संयोजकांनी मला रिक्षात कोंबून दवाखान्यात पिटाळलं. बघतो तर फादर पलंगाशेजारी स्टुलावर बसून मार्थाबाईंना चमच्यानं पेज भरवत होते. निम्मी पेज त्यांच्याच पांढऱ्या झग्यावर सांडली होती.

"फादर, मंडळी खोळंबलीत. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"सांगा, मला बरं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"बोला. कबुलीला माझ्याकडेच या."

मार्थाबाई काहीतरी बोलू पाहत होत्या. लकव्यानं वाकड्या झालेल्या ओठांतून एकही शब्द धड निघत नव्हता. फादर कान त्यांच्या तोंडाशी नेत होते आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, "बरोबर, मार्थाबाई. अगदी बरोबर."

मी परत जाऊन खोटं बोललो. ग्रंथकर्त्याविना प्रकाशन झालं, आणि न वाचलेल्या ग्रंथावर तिघांनी फार सुंदर भाषणं केली.

मार्थाबाई वाचल्या, पण पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. मुलगी येऊन त्यांना गावी घेऊन गेली. फादरांचा आता बाहेरून डबा येतो. प्रवचनं आखूड झाली आहेत. लोक खूश आहेत, मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं. अधूनमधून सोमवारी ते सुरगाण्याची एसटी पकडतात आणि संध्याकाळी धुळीनं माखून परततात.

परवा असेच उतरले, तेव्हा मी फाटकाशी होतो. विचारलं, "कशा आहेत मार्थाबाई?"

फादरांनी चष्म्यावरची धूळ पुसली.

"मला आता ओळखत नाहीत," ते म्हणाले. "पण गेलो की ताट वाढतात."