रांगेतला स्वाध्याय

फळ्यावर काम लिहून झालं की सर खुर्ची उचलायचे, भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि वर्गाकडे पाठ करून बसायचे. "समजा, मी इथं नाही," म्हणायचे. "आता तुमचं तुम्ही करा."

मी त्या शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, सर पोरांवर रुसले. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, एक विचारू का?" सर भिंतीलाच म्हणाले, "कुणाला विचारून राहिलास? मी हाय का इथं?" वर्ग हसला. सरांची पाठही हसत होती. पाठ हसते हे तुम्ही कदाचित पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे.

सर नांदेडकडचे. नववी-दहावीच्या तांत्रिक वर्गाला यंत्रांची चित्रं काढायला शिकवायचे, आणि कॉम्प्युटरही शिकवायचे. कॉम्प्युटर शाळेत नव्हता. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, रोज कुठल्या तरी कचेरीची नवी पाटी लागत होती. "नवा जिल्हा हाय मावशी, आज ना उद्या मशीन येतंच," असं म्हणून त्यांनी खिडकीपाशी एक टेबल रिकामं ठेवलं होतं. ते मी रोज पुसायची. शिपाई चिडवायचा, "नसलेल्या मशीनची धूळ नीट पुसा हो मावशी."

पुढं पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या. आमच्या वस्तीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. सकाळीच घागर रांगेत लावून कुणीतरी तिच्यापाशी बसायला लागायचं. मी शाळेत, माझे मालक डाळीच्या मिलमध्ये. बसायची माझी लेक सुमन. ती नववीत होती, तांत्रिक वर्गातली एकटी मुलगी. पंधरा दिवस ती वर्गात दिसली नाही तेव्हा हेडमास्तर मला म्हणाले, "हजेरी नसेल तर पटावरून नाव कापावं लागेल." चार इयत्ता शिकले मी, पण चारचौघांत बोलायला शिकले नाही.

बोलले ते सर. "पोरगी रांगेत बसून स्वाध्याय करील. मी तपासून सही करीन. तो दिवस हजेरीत धरा."

"आणि स्वाध्याय नेणार कोण?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मग रोज मधल्या सुट्टीत मी पुठ्ठ्याचं एक कार्ड वस्तीवर न्यायची आणि कालचं परत आणायची. एका कार्डावर होतं, टँकरच्या तोटीचं चित्र काढ. एकावर होतं, रांगेत मध्येच कुणी घुसलं तर मागच्यांच्या नंबरांचं काय होतं ते लिही. सुमननं लिहिलं, 'नंबरांचं काही होत नाही, भांडण होतं.' सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि सही केली.

पुढचं कार्ड मात्र अंगाशी आलं. 'रांगेतल्या घागरी लहानीपासून मोठीपर्यंत लाव. एका वेळी शेजारच्या दोनच घागरींची अदलाबदल करायची.' बाया सावलीला बसल्या होत्या. सुमननं एक एक करत खरोखरच सगळी रांग लावून काढली. वस्तीतल्या गयाबाईचा मोठा हंडा तिसरा होता, तो गेला शेवटी. टँकर आला, पाणी वाटत गेलं आणि हंड्यापाशी पोचेपर्यंत संपलं.

गयाबाईनं वस्ती डोक्यावर घेतली. संध्याकाळी सर स्वतः आले, हात जोडून उभे राहिले.

"बाई, चूक माझी हाय. 'कागदावर' हा शब्द लिहायचा राहिला."

"मास्तर, तुमच्या कागदानं माझी लेकरं तहानली की!"

"हाव बाई. खरं हाय तुमचं."

परत जाताना मला हळूच म्हणाले, "पण मावशी, कॉम्प्युटर अशीच रांग लावतो, अन् पोरीची एकही घागर चुकली न्हाई बरं का."

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव टपालवाली पडलं. "आली बघा टपालवाली. आज कुणाचा हंडा माघारी?" हे मी ऐकून घेतलं. मग एकदा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "रोज दुपारी मास्तरची चिठ्ठी येती. लेकीला येती का मायला?" सगळ्या हसल्या. मला शाळेपर्यंतची वाट दिसेना.

शाळेत आल्यावर खाली बघूनच म्हणाले, "सर, उद्यापासून माझ्यानं न्हाई व्हायचं."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "बरं मावशी," एवढंच म्हणाले.

परीक्षा आठ दिवसांवर होती. चैताचं ऊन. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी डोक्याला रुमाल बांधला, पिशवी घेतली आणि फाटकातून बाहेर पडले. मी नळाच्या कोरड्या टाकीपाशी झाडत होते. "सर, द्या इकडं," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला. मी झाडत राहिले.

वाटेतल्या मिलच्या लांब भिंतीपाशी ते खाली बसले ते उठलेच नाहीत. त्या वाटेनं गयाबाई भरलेला हंडा घेऊन येत होती. तिनं सरांना ओळखलं आणि अख्खा हंडा त्यांच्या डोक्यावर रिता केला. त्या दिवसांत ते केवढं पाणी होतं, हे ज्यांनी दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. लोकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत सर गेले.

सुमनचं नाव कापलं गेलं नाही. पुढं ती पॉलिटेक्निकला गेली, आता पुण्यात नोकरी करते. तिला वाटतं, त्या दिवशी सरच हौसेनं निघाले होते. मी तिला खरं सांगितलेलं नाही. दुपारच्या वेळी माझ्या मागून चपलांचा आवाज येतो. कार्ड मागून घेण्यासाठी मी वळते, तर रस्त्यावर कुणी नसतं.

सरांची पिशवी शाळेत आणून दिली तेव्हा आत दोन कार्डं निघाली. एक सुमनचं. दुसऱ्यावर 'मावशी' असं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, चौथीच्या पुस्तकात असतात तशा. खाली काम होतं: 'शाळेच्या फाटकापासून वस्तीपर्यंत किती पावलं होतात ते मोजा. वाटेत कुठे सावली आहे तिथे खूण करा. घाई नाही.'

कितीदा मोजायला घेतलं. आता त्या भिंतीला लागून दुकानं झाली आहेत, पुढं पत्रे आलेत, भर दुपारी माणसं तिथं चहा पीत उभी असतात. खूण करायला पेन्सिल घेऊन जाते. भिंतीपाशी आले की आकडा निसटतो. पत्र्याखाली न थांबता मी मागे फिरते, आणि फाटकापासून पुन्हा एक म्हणते.