फुगेवाले आणि साडेचारशे कलमं

हवामान केंद्रात तेवीस वर्षं नोकरी करूनही फुगेवाल्यांनी उद्याच्या हवेबद्दल कोणालाही कधी एक शब्द सांगितला नव्हता. लोक विचारायचे. न्हावी तर गालाला वस्तरा लावून विचारायचा, म्हणजे उत्तर टाळायची सोयच नाही. तरी हे आपले म्हणायचे, "मी फुगा वर पाठवतो. तो काय कळवतो ते आमच्या मॅडमना विचारा."

काम साधं दिसायचं. रोज सकाळी एका शेडमध्ये फुग्यात वायू भरायचा, खाली मुठीएवढी डबी बांधायची आणि फुगा सोडून द्यायचा. वर जाताजाता ती डबी जिथे असेल तिथलं तापमान खाली कळवते. वायू पेट घेणारा, म्हणून अंगावर सुती कपडे, खिशात फोन नाही, किल्ल्यासुद्धा नाहीत. फुगा वर फुगत जातो आणि शेवटी फुटतो. तो फुटणारच. किती उंचावर फुटतो एवढाच प्रश्न.

इथे फुगेवाल्यांचं घोडं सगळ्यांच्या पुढे होतं. वरच्या थंडीत रबर कडक होतं आणि लवकर फाटतं, म्हणून सोडण्याआधी फुगा गरम ठेवावा असं नियमात लिहिलेलं आहे. लिहिलेलं पुष्कळ असतं. हे मात्र तासभर आधी येऊन घडी घातलेला फुगा लाकडी पेटीत ठेवायचे, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या लावायचे आणि वरून जुनी चादर पांघरायचे. सोबतचे म्हणायचे, पोटच्या पोरांचेही इतके लाड केले नसतील. पण दुसऱ्या केंद्रांचे फुगे पंचवीस किलोमीटरवर राम म्हणायचे, यांचा तेहेतीसपर्यंत जायचा.

त्या हिवाळ्यात या लाडांचं चीज झालं. थंडी निम्मी सरली होती, हवा अगदी गुणी मुलीसारखी वागत होती, आणि एका सकाळी डबीने तीस किलोमीटरवरून कळवलं की वर कालच्यापेक्षा वीस अंशांनी गरम आहे. मॅडम वयाने लहान, पण हुशार. त्यांनी ठरवलं, डबी बिघडली. फुगेवाल्यांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डबी तीनदा तपासून लावली. ती म्हणाली, आणखी गरम. तिसरीही तेच म्हणाली. तेव्हा मॅडमनी फुगेवाल्यांना खुर्ची दिली आणि कागदावर गोल काढून समजावलं.

ध्रुवाच्या डोक्यावर, फार उंच, हिवाळाभर थंड वाऱ्याचं एक मोठं चक्र फिरत असतं आणि थंडीला धरून ठेवतं. यंदा दूरच्या महासागरात एका लांबलचक पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. त्याने हवेच्या लाटा उठल्या, त्या वर जाऊन चक्रावर आदळत राहिल्या आणि चक्र मोडलं. ते मोडताना वर एकदम गरम होतं. मग दोन-तीन आठवड्यांनी तिथली गडबड खाली उतरते आणि अडवलेली थंडी वाट फुटेल तिकडे पसरते.

"म्हणजे आपल्याकडे येणार?" फुगेवाल्यांनी विचारलं.

"तीनदा असं झालं तर दोनदा कुठेतरी येते. आपल्याच दारात येईल असं मी लिहून देणार नाही."

फुगेवाले खुर्चीतून उठलेच, कारण त्यांच्या दारात साडेचारशे लिंबाची कलमं उभी होती. बायकोने तीन वर्षं जपलेली. खुंटावर एकेक डोळा, म्हणजे कोंब, तिने स्वतः बांधलेला, आणि वसंतात ती रोपवाटिकेची पाटी लावणार होती. कडक थंडीचे दोन दिवस कलमांना संपवायला पुरले असते.

म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी अंदाज सांगितला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिसऱ्या वेळी काय?"

"तिसऱ्या वेळी मी गाढव ठरेन."

ती पदर खोचून उठली. दोन दिवसांत घराच्या तिन्ही खोल्या कलमांनी भरल्या. पलंगाखाली कलमं, कपाटावर कलमं, न्हाणीघरात जायचं तर आडवं होऊन जायचं. फुगेवाल्यांच्या आईने जाहीर केलं की तिला आता रोज पाणी घातलं तरी चालेल, तीही कुंडीतच बसली आहे.

समोरचे रोपवालेकाका एकटेच राहायचे आणि त्यांची कलमंही उघड्यावर होती. बायकोने त्यांनाही सांगून पाहिलं. ते पोट धरून हसले. वर गरम झालं म्हणून खाली थंडी, हे गणित त्यांना रोज नव्याने आठवायचं आणि रोज ते फाटकातून विचारायचे, आज वर काय भाव आहे.

आणि हवा! सोन्यासारखं ऊन पडायला लागलं. लोक स्वेटर काढून फिरू लागले. दहा दिवस झाले, बारा झाले. घरातल्या कलमांची पानं उजेडावाचून फिकी पडायला लागली. चौदाव्या दिवशी जेवताना फुगेवाल्यांचा धीर सुटला. कलमाच्या एका फिक्या पानाकडे बघत ते म्हणाले, "चल, काढू बाहेर. चुकलं माझं."

बायकोने भाकरी तोडता तोडता विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या होत्या? किती आठवडे?"

"दोन-तीन."

"मग तीन होऊ देत. तुम्ही पेटीतून फुगा अर्ध्या तासात काढता का?"

फुगेवाल्यांनी ताट पुढे ओढलं. आई म्हणाली, मला कोणी विचारत नाही, पण मीही थांबेन.

एकोणिसाव्या दिवशी वारा फिरला. दुपारपर्यंत ऊन होतं, संध्याकाळी बोटं वाकेनात, आणि सकाळी नळ गोठला. पाच दिवस बादलीतलं पाणी दगड होऊन बसलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही अशी थंडी आठवत नव्हती. तिन्ही खोल्यांत माणसं आणि कलमं एकमेकांच्या उबेने राहिली. केंद्रात मॅडमनी फुगेवाल्यांचे तिन्ही आकडे मोठ्या कचेरीला पाठवले आणि खाली त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. ते फुगेवाल्यांनी चारदा वाचलं.

थंडी ओसरल्यावर कलमं बाहेर आली. अकरा गेली, बाकी सगळी जगली. रस्त्यापलीकडे मात्र काकांच्या वाफ्यात काळ्या काड्या उभ्या होत्या आणि काका पायरीवर बसून त्यांच्याकडे नुसते बघत होते. हसू पार मावळलं होतं.

दुपारी बायकोने हातगाडी काढली आणि त्यावर कलमं लावायला सुरुवात केली. पन्नास झाली, शंभर झाली, तरी तिचा हात थांबेना. फुगेवाल्यांनी विचारलं, कुठे निघाली ही वरात? तिने मानेनेच समोर दाखवलं. दीडशे, म्हणाली.

फुगेवाल्यांना ते जड गेलं. तिची तीन वर्षं होती ती. "एकोणीस दिवस हसले ते आपल्याला," ते म्हणाले.

"हसले." तिने शेवटची कुंडी नीट बसवली. "त्यांनी कोणाचं ऐकायचं? त्यांच्या घरात फुगा सोडणारं माणूस आहे का?"

फुगेवाल्यांनी चाकाखालचा दगड काढला. मग त्यांनी तिच्या हातातून गाडी घेतली आणि रस्ता ओलांडला.