पाट्याची डावी बाजू

खाणीतल्या काळ्या दगडाचे फोटो काढणं हे माझं काम. एकाच दगडाचे चहूबाजूंनी, एकमेकांत थोडे थोडे शिरणारे खूप फोटो. संगणक त्यांतल्या सारख्या खुणा जुळवतो आणि दगडाची पाठ पडद्यावर उभी करतो. मग तिचा खडबडीतपणा मोजता येतो. दगड जितका खडबडीत, तितका त्याच्यावरचा दुसरा दगड कमी घसरतो. डोंगर कापून रस्ता काढणाऱ्यांना हे आधी कळलेलं बरं.

आई गेली त्या उन्हाळ्यात पप्पा स्वयंपाक शिकत होते. एकदा म्हणाले, "पाटा पार गुळगुळीत झालाय. वाटण नुसतं घसरतंय. टाकीवाली आली की टाकी लावून घेऊ."

टाकी लावायची म्हणजे छिन्नीने पाट्यावर नवे टोचे मारायचे. म्हणजे आईने झिजवलेला थर उडणार. मी नाही म्हटलं.

"मग चटणी मिक्सरात करू?"

"करा."

"तू खातीस व्हय ती?"

मग म्हटलं, निदान आधी मोजून तरी घेते. रविवारी पाटा अंगणात सावलीला ठेवायला सांगून मी कॅमेरा आणायला आत गेले. परत येते तर पप्पांनी पाटा धुऊन त्याला गोडं तेल चोळलेलं.

"हे काय केलंत?"

"फोटो काढायचा म्हणल्यावर अंघूळ नको व्हय?"

चकाकत्या दगडावर संगणकाला खुणा सापडत नाहीत. तरी मी फोटो काढले. पडद्यावर पाट्याच्या कडा नीट आल्या आणि मध्ये, जिथे आईचा वरवंटा फिरायचा, तिथे मोठं भोक. तेव्हा आमचं घरही मला तसंच दिसायचं.

पुढच्या रविवारी तेल घासून काढलं आणि वर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. पिठाच्या ठिपक्यांना धरून संगणक पुढे सरकतो.

"तुझ्या आईनं बघितलं असतं तर पिठासकट हाकलली असती तुला," पप्पा म्हणाले.

भोक भरलं. पण वाटून वाटून पडलेला खळगा मधोमध नव्हता, डावीकडे कललेला होता. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. पप्पा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले.

"बरोबर हाय की. डाव्या हातानं वाटायची ती. उजव्या हातात कागद."

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. विडी वळणाऱ्या बायकांची, धुणीभांडी करणाऱ्यांची. सगळी आई लिहायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. छापायच्या आधी ती वाटता वाटता मला मजकूर वाचून दाखवायची आणि विचारायची, "कळलं का तुला? तुला कळलं तर सगळ्यांना कळंल." अजूनही काही लिहिलं की मी त्या प्रश्नासाठी थांबते. कोणी विचारत नाही.

आईच्या हातच्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला राग येतो. ते वाटून वाटून दुखणाऱ्या मनगटाबद्दल कधी विचारत नाहीत. घरातलं वाटण-कांडण पुरुषांनीही करावं, असं आईने कितीदा लिहिलं. आता एक पुरुष पाट्याशी बसू बघत होता आणि मी पाटा अडवून धरला होता, देवळातल्या मूर्तीसारखा.

"तवा कदी बसलो न्हाय मी पाट्याशी," पप्पा म्हणाले. एवढंच.

टाकीवालीची हाक आली तेव्हा तिला मीच आत बोलावलं. ती छिन्नी चालवत होती तेवढा वेळ मी घरात, पाठ करून उभी होते. खळग्यातला आईने झिजवलेला थर गेला. संगणकात आहे, पण त्याच्यावर हात फिरवता येत नाही.

नव्या टोच्यांतली कच निघावी म्हणून पप्पांनी आधी मूठभर तांदूळ वाटले. दोन्ही हातांनी, अवघडून, मांडी बदलत. ते तांदूळ टाकून दिले आणि मिरच्या घेतल्या. टेबलावर माझा लेख अर्धा पडला होता.

"नुसती बघत काय बसलीस? वाच की कायतरी."

मी कागद उचलला.