कळसूबाईची शेवटची शिडी

काही माणसांबरोबर नुसतं भाजी आणायला गेलं तरी पिशवीत मेथीबरोबर एखादा किस्सा येतोच. आमची पुष्पा त्यातली. तीस वर्षांची मैत्रीण, त्यामुळे किश्श्यांचं गोदामच भरलंय माझ्याकडे. आणि गेल्या हिवाळ्यात तर मी तिच्याबरोबर थेट कळसूबाईला गेले. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि आम्ही दोघी पन्नाशी उलटलेल्या!

याला कारण तिचे मिस्टर, मधुकरराव. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पुष्पानं विणायला घेतलेल्या स्वेटरला आजवर एकच बाही आहे. हार्मोनियमचा क्लास सुटला, योगा सुटला. मधुकरराव आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या घरी सगळं अर्धंच! फक्त लग्न तेवढं पूर्ण झालं, तेही भटजी होते म्हणून!"

सगळे हसतात, पुष्पाही हसते. पण एकदा मला म्हणाली, "कुंदा, एक तरी गोष्ट मले पुरी करून दाखवायची आहे वं." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी लगेच ट्रेकच्या ग्रुपमध्ये दोघींची नावं दिली.

*

आता नागपुरात डोंगर कुठून आणायचा? म्हणून बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरच प्रॅक्टिस सुरू केली. रोज सकाळी खाली-वर, खाली-वर.

आम्हाला जिन्यावर बघून लिफ्ट बंद आहे असं वाटलं आणि सगळी बिल्डिंग जिन्यानं जायला लागली. सेक्रेटरींनी मेकॅनिक बोलावला. त्यानं सगळं उघडून तपासलं आणि वैतागून म्हणाला, "मॅडम, लिफ्ट तो एकदम ठीक है!"

पुष्पा कठड्याला धरून धापा टाकत होती. "हाव भाऊ, लिफ्ट ठीकच आहे. आमचंच बिघडलं आहे!"

*

ट्रेकचा लीडर पुण्याचा. निनाद नाव, पोरगा मोठा गोड. पायथ्याशी सगळ्यांचं सामान तपासत होता. पुष्पाच्या जॅकेटच्या खिशातून कांदा निघाला.

"काकू, हा कशाला?"

"ऊन लागत नाही बाप्पा यानं. आम्ही घराबाहेर पडलो का खिशात कांदा ठेवतोच."

"अहो काकू, इथं थंडीनं दात वाजतायत!"

"मंग? गुण येऊन राहिला नं त्याचा!"

*

पहिल्या चढावरच आम्ही मागे पडलो. निनादचा फोन आला, "काकू, कुठवर आलात?"

पुष्पानं ठणकावून सांगितलं, "काळजी नको करू, आम्ही चढून राहिलो!"

आपल्याकडे याचा अर्थ 'आम्ही चढतोय'. पुण्याचा पोरगा समजला, काकू चढल्या आणि वरच राहिल्या! तो धावत सुटला, पार वरपर्यंत जाऊन आम्हाला शोधून आला. परत येऊन बघतो तर आम्ही पहिल्या शिडीच्याही खाली, तिळाची चटणी आणि पोळी खातोय.

"काकू, तुम्ही म्हणालात ना, चढून राहिलो?"

"हाव, चढूनच राहिलो होतो."

"मग राहिलात कुठे?"

"आम्ही काहून राहू? तूच पुढे निघून गेला!"

बिचारा कपाळाला हात लावून बसला. पण संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा म्हणतो कसा, "आई, मी जेवून राहिलो!"

*

लोखंडी शिड्यांची पुष्पाला जाम भीती. डोळे मिटून एकेक पायरी चढायची आणि वरच्या देवीशी मोठ्यानं बोलायची. "बाई, घर तुमचं मोठं झ्याक आहे. पण इतक्या उंचावर काहून बांधलं वं? बेसाले एखादा प्लॉट पाहायचा होता!"

मागच्या पोरी हसून हसून खाली पडायच्या बाकी होत्या.

*

शेवटच्या शिडीपाशी पोचलो. वर देवळाचा झेंडा दिसत होता, माणसं फोटो काढत होती. आणि तिथंच माझा गुडघा गेला. पाय टेकवेना. म्हटलं, "पुष्पा, तू जा. मी बसते इथं. तुला ही एक गोष्ट पुरी करायची आहे ना?"

तिनं एकदा झेंड्याकडे पाहिलं. मग खालूनच हात जोडले आणि माझ्याशेजारी बसली.

"तुले इथं सोडून वर काय करू वं मी? चाल, हळूहळू उतरू."

मी रागावले, विनवलं, शेवटी रडलेसुद्धा. ऐकेल तर ती पुष्पा कसली! उतरताना सगळ्या वाटेवर माझा हात तिच्या खांद्यावर होता. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, दुसरं काय.

नागपूरला स्टेशनवरून आधी तिच्या घरी गेलो. मधुकरराव दारातच उभे होते. "काय मंग, पोचल्या का वर?"

"नाही नं," पुष्पा चपला काढत म्हणाली. "शेवटच्या शिडीपाशी थकली मी."

"झालं! हेही अर्धंच!" मधुकरराव टाळी वाजवून हसले.

मला राहवेना. मी बोलायला तोंड उघडलं, तर पुष्पानं असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिले. "चहा ठेवते," म्हणून ती आत निघून गेली.

मी खुर्चीत टेकले, तसे मधुकरराव वळले. आतल्या खोलीतून गरम पाण्याची पिशवी आणि एक स्टूल घेऊन आले. स्टूल माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, पाय वर घ्या. गुडघा लय सुजला तुमचा." मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "अन् तिले सांगू नका, मले समजलं म्हणून."